दोन गीगाबाइटच्या सरहद्दीवर अडकलेला पत्रव्यवहार

आउटलुकमध्ये ज्यांनी आपला पत्रव्यवहार वर्षानुवर्षे साठवला, त्यांच्यापैकी अनेकांना कधी ना कधी असा दिवस पाहावा लागला आहे की, आदल्या संध्याकाळपर्यंत बिनतक्रार उघडणारी फाइल सकाळी उघडत नाही, फाइलीत दोष आढळल्याची एक त्रोटक सूचना पडद्यावर येते, आणि दहा-बारा वर्षांच्या मागण्या, पावत्या, करारांचे मसुदे, परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांची पत्रे हे सारे एकाच वेळी डोळ्यांआड होते. अशा प्रसंगी सगळे गेले असा जो निष्कर्ष तत्काळ काढला जातो तो बहुधा चुकीचा असतो, आणि त्या निष्कर्षापायी जी धावपळ होते तिच्यामुळेच पुष्कळदा खरी हानी घडते. पत्रे बहुतेक सर्व जागच्या जागी असतात. बिघडलेली असते ती त्यांची नोंद. एवढा भेद ध्यानात आला की पत्रे सोडवण्याचे काम कोणत्या क्रमाने करावयाचे आणि कोणती गोष्ट मुळीच करावयाची नाही, हे आपोआप उलगडत जाते.

ही आपत्ती आपल्याकडे इतकी सार्वत्रिक का झाली, याला त्या काळाची परिस्थिती कारण आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, त्यानंतर दीड-दोन वर्षांतच आउटलुक बाजारात आले, आणि पुण्या-मुंबईतील लहान कारखाने, वकिलांची व सनदी लेखापालांची कार्यालये यांनी ते हळूहळू आपलेसे केले. जोडणी टेलिफोनच्या तारेवरून, तीही मोजून-मापून वापरावयाची. सर्व्हरवर मिळणारी जागा तुटपुंजी. त्यामुळे पत्र उतरवून घेतले की सर्व्हरवरील प्रत काढून टाकावयाची ही पॉप पद्धतीतील मूळचीच रीत सर्वत्र रूढ झाली. याचा अर्थ असा की, आलेल्या पत्राची आपल्याजवळची एकमेव प्रत आपल्याच संगणकावरील एका फाइलीत राहिली. त्या फाइलीचे नाव पीएसटी. इनबॉक्स, पाठवलेली पत्रे, पत्त्यांची यादी, भेटीगाठींच्या तारखा आणि प्रत्येक पत्राला जोडलेली अटॅचमेंट, हे सर्व तिच्याच पोटात.

आउटलुक ९७ पासून आउटलुक २००२ पर्यंत या फाइलीची जी जुनी रचना प्रचारात होती, तिला दोन गीगाबाइटची, म्हणजे २,१४,७४,८३,६४८ बाइटची, सरहद्द होती. फाइलीतील कोणतीही वस्तू कोठे आहे हे सांगणारा पत्ता त्या रचनेत बत्तीस बिटांचा, आणि त्यातला एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हासाठी सोडला की उरलेल्या एकतीस बिटांत याहून मोठा पत्ता मावत नाही. मर्यादा असणे हा दोष नव्हे. दोष असा होता की, त्या काळच्या जुन्या आवृत्त्या ही सरहद्द जवळ आल्याची सूचना देत नसत आणि ती ओलांडतानाही अडवत नसत. पत्रे येत राहत, फाइल वाढत राही, आणि सरहद्दीपलीकडे गेलेली फाइल पुढच्या वेळी उघडत नसे. आउटलुक तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने पुढे सुधारणा करून सीमेपूर्वीच लेखन थांबवण्याची तजवीज केली. परंतु ज्यांनी ती सुधारणा बसवली नाही, आणि लहान कार्यालयांत ती सहसा कोणी बसवली नाही, त्यांच्यासाठी तिचा उपयोग शून्य.

आता या फाइलीची अंतर्रचना पाहू. आरंभी एक शीर्षभाग असतो. त्याचे पहिले चार बाइट अक्षररूपाने वाचले तर उद्गारचिन्ह आणि त्यामागोमाग बी, डी, एन ही रोमन अक्षरे दिसतात, आणि थोडे पुढे रचनेचा क्रमांक असतो: १४ किंवा १५ असेल तर जुनी रचना, २३ असेल तर नवी युनिकोड रचना. शीर्षभागापुढची सारी जागा चौसष्ट-चौसष्ट बाइटच्या घरांत विभागलेली असून, दोन गीगाबाइटमध्ये अशी घरे तीन कोटी पस्तीस लाखांहून अधिक होतात. कोणते घर भरलेले व कोणते रिकामे याचा नकाशा फाइलीतच ठरावीक अंतरावर मांडलेला असतो, आणि असा एकेक नकाशा आपल्या वाट्याच्या २,५३,९५२ बाइटचा जमाखर्च सांभाळतो. पत्राचा मजकूर व अटॅचमेंट फार तर आठ किलोबाइटच्या तुकड्यांत चिरून ठेवलेली असतात. त्या तुकड्यांना ब्लॉक म्हणतात. पाच मेगाबाइटचे एक छायाचित्र म्हणजे सहाशेहून अधिक ब्लॉक, आणि ते सलग असतीलच असे नाही. जेथे जागा मोकळी सापडली तेथे ते टाकलेले असतात. हे विखुरलेले तुकडे शोधून जुळवण्यासाठी दोन अनुक्रमण्या आहेत: पहिली कोणते पत्र कोणत्या तुकड्यांचे बनले आहे हे सांगते, दुसरी तो तुकडा फाइलीत नेमका कितव्या बाइटवर आहे हे सांगते.

एखाद्या जुन्या दप्तरखान्यात हजारो रुमाल फडताळांत नीट बांधून ठेवलेले असावेत आणि कोणता रुमाल कोठे आहे हे सांगणारी एकच एक फेरिस्त भिजून लगदा व्हावी, तशी सरहद्द ओलांडलेल्या फाइलीची अवस्था असते. आउटलुक शीर्षभाग वाचते, अनुक्रमणीकडे जाते, तेथला पत्ता अर्थशून्य निघतो किंवा फाइलीची लांबीच नियमाबाहेर आढळते, आणि ते तेथेच थांबते. पुढच्या लक्षावधी सुस्थितीतील तुकड्यांकडे ते वळूनही पाहत नाही.

म्हणून पहिले कर्तव्य हे की, अस्सल फाइलीला हात लावू नये. आउटलुक बंद करावे, फाइलीची संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढावी, आणि पुढील प्रत्येक प्रयोग त्या नकलेच्याही नकलेवर करावा. हे सांगणे फार प्राथमिक वाटेल, परंतु दुरुस्तीच्या कामात जी पत्रे कायमची नष्ट होतात, त्यांतील फार मोठा भाग अस्सल फाइलीवरच दुरुस्तीचे साधन चालवल्यामुळे नष्ट होतो. ज्या तुकड्यांची संगती लागत नाही ते तुकडे टाकून देऊन उरलेल्यांची घडी बसवणे, हाच त्या साधनांचा स्वभाव. नक्कल काढताना आणखी एक अडचण हमखास आडवी येते. बहुतेक जुने पेनड्राइव्ह फॅट-३२ या पद्धतीने आखलेले असतात आणि त्यांवर चार गीगाबाइट किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही, मग पेनड्राइव्हवर कितीही जागा मोकळी असो. जुन्या रचनेच्या फाइलीला याची झळ लागत नाही. नव्या रचनेच्या वीस-तीस गीगाबाइटच्या फाइलीसाठी मात्र एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने आखलेली डिस्कच घ्यावी लागते.

डिस्कच आजारी असेल, म्हणजे वाचताना ती अडखळत असेल किंवा खटखट आवाज करत असेल, तर फाइल कॉपी करण्याचा साधा मार्गही धोक्याचा. एकाच खराब जागेवर संगणक पुन्हा पुन्हा वाचन करीत राहतो आणि उरलेली डिस्क तेवढ्यात दगावते. अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यूसारखे साधन योग्य. ते आधी सुस्थितीतील भाग भराभर उचलते, खराब जागा टिपून बाजूला ठेवते, आणि अखेरीस त्या जागांकडे वळून मिळेल तेवढे मिळवते. विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन या वेळी मुळीच चालवू नये. त्याचे लक्ष डिस्कची व्यवस्था लावण्याकडे असते, आपल्या पत्रांकडे नव्हे.

नक्कल हाती आल्यावर पहिला उपाय खुद्द मायक्रोसॉफ्टचाच. दोन गीगाबाइटपलीकडे गेलेल्या फाइलींसाठी त्या कंपनीने एक छोटे साधन प्रसृत केले होते, आणि त्याचे काम ऐकताना अघोरी वाटते: फाइलीच्या शेपटाकडून आपण सांगू तेवढे मेगाबाइट छाटून टाकावयाचे आणि फाइल सरहद्दीच्या आत आणावयाची. छाटलेले ते गेलेच. पुष्कळांचा असा समज असतो की, शेपटाकडे नुकतीच आलेली पत्रे असणार, तेव्हा गेल्या चार दिवसांचा पत्रव्यवहार गमावला की बाकीचा सुटला. वस्तुस्थिती अशी नाही. फाइलीतील क्रम तारखांचा नसतो. मधली पत्रे काढून टाकल्यावर मोकळ्या झालेल्या घरांत नवी पत्रे जाऊन बसतात, आणि शेपटाकडे नव्या पत्रांबरोबर अनुक्रमणीची पानेही असू शकतात. त्यामुळे छाटणी शक्य तितकी लहान ठेवावी, ती वेगळ्या नकलेवर करावी, साधले नाही तर नवी नक्कल घेऊन थोडी अधिक छाटावी. छाटलेली फाइल तशीच उघडत नाही. तिच्यावर स्कॅनपीएसटी हे आउटलुकबरोबरच येणारे दुरुस्तीचे साधन चालवावे लागते. ते आठ टप्प्यांत फाइल तपासते, अनुक्रमणी नव्याने बांधते, आणि ज्या पत्रांचे मूळ फोल्डर सापडत नाही त्यांना हरवले-सापडलेच्या एका वेगळ्या फोल्डरात आणून ठेवते. या तपासणीस कित्येक तास लागतात, आणि एका फेरीत निघालेले दोष संपले की दुसऱ्या फेरीत नवे निघतात. तेव्हा दोष उरत नाहीत तोवर ते पुन्हा पुन्हा चालवणे हाच त्याचा योग्य उपयोग.

एवढ्याने बहुसंख्य फाइली उघडतात. ज्या उघडत नाहीत त्यांच्यासाठी जो मार्ग आहे, तो मला या सबंध विषयातील सर्वांत विलक्षण भाग वाटतो. फेरिस्त पूर्णपणे नष्ट झाली असली, तरी प्रत्येक ब्लॉक आपली ओळख आपल्याबरोबरच बाळगून असतो. ब्लॉकच्या शेवटी, जुन्या रचनेत बारा आणि नव्या रचनेत सोळा बाइटची, एक छोटी पुरवणी असते. तीत चार गोष्टी नोंदलेल्या असतात: ब्लॉकमधील मजकुराची लांबी, ब्लॉकचा स्वतःचा क्रमांक, मजकुरावरून गणिताने काढलेली बत्तीस बिटांची पडताळणी-संख्या, आणि त्या ब्लॉकचा क्रमांक व फाइलीतील त्याचे स्थान या दोहोंच्या मिश्रणातून सिद्ध केलेली सोळा बिटांची एक खूण. शोध घेणारी प्रणाली फाइलीच्या आरंभापासून चौसष्ट-चौसष्ट बाइटच्या पावलांनी चालत जाते आणि प्रत्येक पावलावर मागील बारा किंवा सोळा बाइट ही अशी पुरवणी असू शकेल काय, हे तपासते. खूण स्थानाशी जुळली, पडताळणी-संख्या मजकुराशी जुळली, की हा ब्लॉक अस्सल आहे, अखंड आहे आणि मुळात येथेच लिहिला गेला होता, या तिन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात. असे लक्षावधी ब्लॉक गोळा करून त्यांच्या क्रमांकांवरून नवी अनुक्रमणी बांधता येते. जिचा एक अंशही जुन्या अनुक्रमणीवर विसंबून नाही अशी ही पुनर्रचना शक्य व्हावी, याचे श्रेय फाइलीची मूळ आखणी करणाऱ्यांना दिले पाहिजे.

हे ज्ञान दीर्घकाळ कंपनीच्या दप्तरात बंद होते. बाहेरच्या अभ्यासकांनी फाइली बाइट-बाइट वाचून, अंदाज बांधून, ते अंदाज तपासून या रचनेचा बराच उलगडा आधीच केला होता, आणि त्यांच्या परिश्रमांतून रीडपीएसटी व लिबपीएफएफ ही मुक्त साधने निर्माण झाली. २०१० साली मायक्रोसॉफ्टने पीएसटीच्या रचनेचे संपूर्ण विवरण जाहीर केले. माणसाचा पत्रव्यवहार ज्या साच्यात बंदिस्त होतो त्या साच्याची माहिती त्याला मिळाली पाहिजे, हा मला केवळ सोयीचा नव्हे, तर हक्काचा प्रश्न वाटतो. तेच विवरण असेही सांगते की, ज्याला सांकेतिक संरक्षण समजून लोक निश्चिंत असतात, ती नेहमीची पद्धत म्हणजे प्रत्येक बाइटच्या जागी एका ठरावीक कोष्टकातील दुसरा बाइट ठेवणे, एवढेच आहे. तिला गुप्त किल्ली नाही, आणि फाइलीला लावलेला पासवर्ड मजकुराला स्पर्शही करीत नाही. पुनःप्राप्तीच्या दृष्टीने ही सोय आहे. गोपनीयतेच्या दृष्टीने मात्र हे प्रत्येक कार्यालयाने जाणून असावे, आणि अशी फाइल दुरुस्तीसाठी कोणा अपरिचित संस्थेच्या सर्व्हरवर चढवण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

मराठी पत्रव्यवहाराच्या बाबतीत एक स्वतंत्र गुंता आहे. जुन्या रचनेत विषयासारखा साधा मजकूर संगणकाच्या त्या वेळच्या संकेतपृष्ठानुसार साठवला जाई, आणि विंडोजच्या त्या संकेतपृष्ठांत देवनागरीला स्थानच नव्हते. त्यामुळे ‘पावती’ हा विषय असलेले युनिकोड पत्र जुन्या फाइलीत उतरले की त्या जागी पाच प्रश्नचिन्हे उमटत. दुरुस्तीनंतर अशी प्रश्नचिन्हे दिसली तर तो दुरुस्तीचा दोष समजू नये. ती अक्षरे त्या रकान्यात कधी पोहोचलीच नव्हती. परंतु इंटरनेटवरून आलेल्या पत्राबरोबर त्याचे मूळ हेडरही साठवलेले असते आणि त्यात हाच विषय केवळ रोमन अक्षरे व अंक यांच्या सांकेतिक रूपात लिहिलेला असल्यामुळे तो सहीसलामत राहतो. तेथून तो उलगडून पुन्हा देवनागरीत आणता येतो. याउलट श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्ट वापरून रोमन संकेतांवर बसवलेला मराठी मजकूर जुन्या फाइलीत जसाच्या तसा टिकतो, मात्र तो फॉन्ट संगणकावर नसेल तर निव्वळ अगम्य चिन्हांची रास दिसते. अशी रास पाहून फाइल नासली असे म्हणून ती फेकून दिल्याची उदाहरणे आहेत, आणि ती ऐकून वाईट वाटते, कारण एक फॉन्ट बसवला असता तर सारे वाचता आले असते.

नव्या युनिकोड रचनेत ही अडचण नाहीशी झाली. तेथे प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला दोन बाइट मिळतात, आणि देवनागरीचा सर्व विभाग एकाच पट्ट्यात असल्यामुळे त्यांतील दुसरा बाइट नेहमी षोडशमान पद्धतीतील ०९ हाच असतो. कच्चे बाइट वाचणाऱ्याला एक सोडून एक तोच बाइट येत राहिलेला दिसला की येथे मराठी किंवा हिंदी मजकूर असावा हे लगेच उमगते. वर सांगितलेल्या कोष्टकामुळे ०९ बदलून दुसराच बाइट झाला असला तरी तोही सर्वत्र सारखाच येत असल्याने ही लय मोडत नाही. पूर्णतः छिन्नभिन्न झालेल्या फाइलींतून मराठी पत्रांचे अवशेष वेगळे काढताना ही लय फार उपयोगी पडते.

आउटलुक २००३ बरोबर आलेल्या या रचनेत पत्ते चौसष्ट बिटांचे झाले, आणि मर्यादा प्रथम वीस गीगाबाइट, पुढे २०१० पासून पन्नास गीगाबाइट अशी ठेवण्यात आली. ही मर्यादा रचनेची नसून केवळ नेमून दिलेली आहे, रजिस्ट्रीत ती बदलताही येते. ती गाठली तरी फाइल उघडते, नवे पत्र मात्र आत घेत नाही. येथे लोक घाईने जुनी पत्रे काढून टाकतात आणि आकार तसाच पाहून चकित होतात. काढलेल्या पत्राची घरे नकाशात रिकामी म्हणून नोंदली जातात, फाइल लहान होत नाही. त्यासाठी कॉम्पॅक्ट करण्याची आज्ञा द्यावी लागते. मात्र काढलेल्यांतील एखादे पत्र परत हवे असेल तर ती आज्ञा चुकूनही देऊ नये, एवढेच नव्हे, तर आउटलुक उघडेही ठेवू नये, कारण संगणक मोकळा असताना आउटलुक हे काम आपल्या आपणही करते. जुन्या रचनेची सुटलेली फाइल नव्या रचनेत जागच्या जागी बदलता येत नाही. नवी फाइल तयार करून तीत सर्व फोल्डर आयात करावे लागतात.

शेवटचे काम रुजवातीचे, आणि तेच सर्वांत अधिक टाळले जाते. प्रत्येक फोल्डरातील पत्रांची संख्या, महिन्यागणिक त्यांचे प्रमाण, आणि अटॅचमेंट नुसती दिसते की खरोखर उघडते, हे तीन तपशील पाहिल्याशिवाय पत्रव्यवहार परत मिळाला असे म्हणू नये. एखादा सबंध महिना कोरा आढळला तर छाटणीतील तुकडे, निरनिराळ्या नकलांवर मिळालेले निरनिराळे निकाल आणि पत्र पाठवणाऱ्याजवळची प्रत असा तिहेरी शोध घ्यावा, आणि हे सर्व एकत्र करताना प्रत्येक पत्राच्या हेडरातील मेसेज-आयडीवरून दुबार प्रती गाळाव्यात. जेथे पत्रे पुराव्यात दाखल करावयाची असतील, तेथे आणखी दक्षता हवी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाइलीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. म्हणून बिघडलेल्या अस्सल फाइलीचे हॅश मूल्य दुरुस्तीला आरंभ करण्यापूर्वीच काढावे, कोणत्या नकलेवर कोणते साधन केव्हा चालवले याची तारीखवार टिपणी ठेवावी, आणि ती अस्सल फाइल, उघडत नसली तरी, दावा निकाली निघेपर्यंत आहे त्याच अवस्थेत जपून ठेवावी.